देव आला की देव्व?

मंडळी, मराठी घरातली मुलगी कन्नड घरात सून म्हणून गेली की पहिल्या काही महिन्यांत शब्दांच्या ज्या गमती होतात, त्यांचे किस्से आपल्याकडे घरोघरी आहेत. त्यातला माझा सगळ्यात लाडका शब्द म्हणजे 'देव्व'. कन्नडमध्ये देवाला म्हणायचं 'देवरु', आणि 'देव्व' म्हणजे चक्क भूत! सासूबाईंनी दबक्या आवाजात सांगावं की परसातल्या चिंचेवर देव्व आहे, आणि नव्या सुनेनं तिकडे बघून मनोभावे हात जोडावेत!

गंमत इथेच संपत नाही. घाट उतरून उडुपी-मंगळूरकडे तुळुनाडात गेलं की 'भूत' हा शब्द ऐकून कुणी घाबरत नाही. तिथं भूत म्हणजे गावाचं राखण करणारं दैव. त्याचं स्थान असतं, त्याचा कोला होतो, गावातले तंटे त्याच्यापुढे मांडले जातात. म्हणजे बेळगावहून निघालेला मराठी माणूस मंगळूरला पोचेपर्यंत देवाचा होतो देव्व आणि भुताचा होतो देव!

हे आज आठवायचं कारण म्हणजे भुताचे सिनेमे. मला या प्रकाराचं वेडच आहे. थरारपटही तितकेच आवडतात. घरातली मंडळी नाकं मुरडतात, 'रात्री झोपायच्या वेळेला हे काय लावून बसलीस' म्हणतात, आणि पाच मिनिटांनी हळूच पांघरुणातून डोकं काढून स्वतःच बघत बसतात. गेल्या आठ-दहा वर्षांत मराठी, कन्नड, हिंदी आणि मल्याळममध्ये या प्रकारात इतकं चांगलं काम झालंय की त्यावर एकदा मनसोक्त बोलायचं होतं. माझी मतं पटली नाहीत तर भांडा, पण सिनेमा बघून भांडा!

उद्या ये!

सुरुवात आपल्या राज्यातल्याच एका अफवेपासून करू. १९९०च्या दशकात बंगळूरमध्ये बोलवा उठली होती की रात्री एक बाई दारावर थाप मारते. घरच्याच कुणाच्या तरी आवाजात हाक मारते. दार उघडलं की कारभार आटोपला. यावर लोकांनी उपाय काय काढावा? दारावर लिहायचं, 'नाळे बा'. म्हणजे उद्या ये. बाई येते, वाचते, निमूट परत जाते. दुसऱ्या रात्री पुन्हा येते, पुन्हा वाचते. भूत साक्षर, कन्नड जाणणारं आणि लेखी आदेश पाळणारं! सरकारी कचेरीच्या खिडकीवर ज्यांनी हे दोन शब्द वर्षानुवर्षं ऐकलेत, त्यांना त्या बिचाऱ्या भुताबद्दल सहानुभूतीच वाटेल.

अमर कौशिकच्या 'स्त्री' (२०१८) या हिंदी सिनेमाचं बीज याच अफवेत आहे. गोष्ट मध्य प्रदेशातल्या चंदेरीला गेली, कन्नड अक्षरांच्या जागी भिंतीवर हिंदी अक्षरं आली, पण कल्पना आपल्याकडची. मला त्यातली उलटापालट फार आवडली. एरवी घराबाहेर पडताना मुलींना ज्या सूचना मिळतात, त्या इथं पुरुषांना मिळतात. अंधार पडल्यावर एकटा जाऊ नकोस, मागून हाक आली तर वळू नकोस. हसता हसता बायकांना बरंच काही आठवतं. 'स्त्री २' (२०२४) मात्र मला तितका भावला नाही. धंदा प्रचंड झाला, पण मुंडकं हातात घेऊन फिरणारा तो सरकटा संगणकानं इतका मोठा केलाय की भीती वाटायच्या ऐवजी करामत बघितल्यासारखं वाटतं.

त्याच वर्षीचा 'मुंज्या' आपल्या आदित्य सरपोतदारचा. 'झोंबिवली'त (२०२२) त्यानं डोंबिवलीत झॉम्बी आणले होते, इथं कोकणातला पिंपळावरचा मुंजा हिंदीत नेला. मुंज झालेला आणि लग्नाआधी गेलेला मुलगा पिंपळावर बसतो, ही समजूत आपल्या आज्जीकडून ऐकलेली. सिनेमातला मुंज्या जिवंतपणी वयानं मोठ्या मुलीच्या प्रेमात पडलेला असतो आणि मेल्यावरही 'लग्न लावून द्या' हा हट्ट सोडत नाही. सुहास जोशींची आजी तर झकासच. पण मला खरी दाद द्यावीशी वाटते ती मूळ कल्पनेला. मुलीचा नकार ज्याला कळत नाही, तो माणूस असो की मुंजा, भयानकच असतो.

पावसातला वाडा

आता माझ्या यादीतलं पहिलं नाव. राही अनिल बर्वे या दिग्दर्शकाचा 'तुंबाड' (२०१८). नाव श्री. ना. पेंडशांच्या 'तुंबाडचे खोत' या कादंबरीवरून सुचलेलं, आणि भीतीचं मूळ नारायण धारपांच्या कथेत. वाचनालयातून धारप आणून दिवा लावून वाचलेल्या पिढीला वेगळं सांगायला नको. कथा १९१८ साली सुरू होते आणि १९४७पर्यंत चालते. सतत कोसळणारा पाऊस, पडका वाडा, आणि वाड्याच्या पोटात बसलेला भुकेला हस्तर. त्याच्यापाशी सोनं आहे, पण त्याला हवंय धान्य. मग पिठाची बाहुली दाखवून त्याला भुलवायचं आणि सोन्याची नाणी पळवायची.

पण मला भीती हस्तरची वाटली नाही. भीती वाटली ती बाप मुलाला नाणी कशी काढायची ते शिकवतो तेव्हा. पोरगा बापापेक्षा हुशार निघतो, आणि बापाच्या चेहऱ्यावर कौतुक दिसतं! वाटणीवरून सख्खे भाऊ कोर्टात उभे राहिलेले ज्यांनी जवळून पाहिलेत, त्यांना हा सिनेमा भुताचा वाटणारच नाही. घरातलाच वाटेल. पहिल्यांदा प्रदर्शित झाला तेव्हा थिएटरं रिकामी होती. सप्टेंबर २०२४मध्ये पुन्हा लावला तर पहिल्या खेपेपेक्षा जास्त गल्ला जमला. उशिरा का होईना, लोकांना कळलं.

एक तक्रार मात्र आहेच. माणसं मराठी, वाडा मराठी, पाऊस मराठी, आणि बोलणं तेवढं हिंदी! हा सिनेमा मराठीत हवा होता. पैशाची गणितं असतात हे मला समजतं. तरी रुखरुख राहते ती राहतेच.

'तुंबाड' आवडला असेल तर मल्याळम 'भ्रमयुगम' (२०२४) चुकवू नका. दिग्दर्शक राहुल सदाशिवन. सगळा सिनेमा कृष्णधवल. रानातलं एक जुनं घर, त्यात मामूटीचा म्हातारा यजमान, आणि चुकून दारात आलेला एक गरीब गायक. यजमान जेवायला वाढतो, गोड बोलतो, फाशांचा डाव मांडतो. बाहेर मात्र जाऊ देत नाही. सत्ता हातात असलेल्या माणसानं हसत हसत 'बस की थोडं' म्हणावं, यात किती दहशत असते ते मामूटीच्या नुसत्या दातांवरून कळतं!

उसाची सळसळ

विशाल फुरियाचा 'लपाछपी' (२०१७) आपल्या भागातल्या माणसानं बघणं आणि मुंबईच्या माणसानं बघणं यात फरक आहे. चिकोडी, अथणी, रायबाग, निपाणीकडच्यांना उसाचं रान काय असतं ते सांगावं लागत नाही. डोक्याच्या वर गेलेला ऊस, दोन हातांवरचं दिसत नाही, वारा नसताना पानं वाजतात. संध्याकाळी त्या पायवाटेनं येताना चालणं आपोआप वेगात होतं.

गरोदर नेहा नवऱ्याबरोबर अशा रानातल्या घरात लपायला येते. पूजा सावंतनं जीव ओतून काम केलंय आणि उषा नाईकांची तुळसाबाई तर अंगावर येते. ती बाई मायेनं वाढते, काळजी घेते, आणि तिच्या मायेचीच भीती वाटू लागते. भूत कुणाचं, का, हे फोडत नाही, पण मुलगी नको म्हणून जे जे केलं गेलं त्याचा हिशेब तिथं मांडलाय. गर्भलिंगनिदानाला बंदी घालणारा कायदा १९९४चा. तरी ही गोष्ट जुनी वाटत नाही, हीच खरी भीती. याच दिग्दर्शकानं तो हिंदीत 'छोरी' (२०२१) म्हणून पुन्हा केला. तोही बरा आहे, पण मूळ मराठी आधी बघा.

रस्त्यावरचा दगड

पवन कुमारचा कन्नड 'यू टर्न' (२०१६) मी पाहुण्यांना मुद्दाम दाखवते. बंगळूरचा एक उड्डाणपूल. मध्ये दुभाजक म्हणून ठेवलेले दगड. लांबचा फेरा वाचवायला दुचाकीवाले दगड सरकवतात, वळतात आणि निघून जातात. दगड तिथंच रस्त्यात! एक नवखी पत्रकार या वळणाऱ्यांचे नंबर जमवून बातमी करायला जाते आणि तिच्या लक्षात येतं की त्यातली माणसं एकेक करून मरताहेत. पुढचं सांगत नाही. श्रद्धा श्रीनाथचं काम अगदी सहज आहे. सिनेमात ना हवेली, ना वटवाघळं. आपण रोज करतो ती एक छोटी चूक, बस. पुढे तो २०१८मध्ये तमिळ-तेलुगूत आणि २०२३मध्ये हिंदीत झाला. मी म्हणते, गाडी शिकवणाऱ्यांनी परवान्याआधी हा सिनेमा सक्तीचा करावा.

थरारपटांत 'दृश्यम'बद्दल न बोलता पुढे कसं जायचं? जीतू जोसेफचा मूळ मल्याळम २०१३चा. २०१४मध्ये पी. वासूनं रविचंद्रनला घेऊन कन्नड 'दृश्य' केला आणि २०१५मध्ये आपल्या निशिकांत कामतनं हिंदीत आणला. कामत २०२०मध्ये अकाली गेला, पण 'डोंबिवली फास्ट' आणि 'दृश्यम' हे दोन सिनेमे त्याचं नाव विसरू देणार नाहीत. हिंदीत नायक झाला गोव्याचा विजय साळगावकर. त्यामुळे आपल्याकडच्यांना तो शेजारचाच वाटला. आमच्या घरी मोहनलाल श्रेष्ठ की रविचंद्रन की अजय देवगण यावर दोन वेळा जेवण थंड झालंय. माझं मत मोहनलालला. तो काहीच करत नाही असं वाटतं आणि सगळं करून मोकळा होतो.

'दृश्यम' वारंवार बघताना मला एक प्रश्न टोचत राहतो. गुन्हा कुणाकडून घडला हे आपल्याला पहिल्यापासून माहीत असतं. तरी पोलीस दारात आले की आपण त्या कुटुंबासाठी श्वास रोखून बसतो. पलीकडे एक आई आपला मुलगा शोधत असते, तिचं दुःखही खरंच असतं. चांगला थरारपट असा आपल्याला आपल्याच बाजूबद्दल विचारात पाडतो. हेमंत रावचा 'कवलुदारी'ही (२०१९) असाच. मेट्रोच्या खोदकामात सापडलेले सांगाडे, मागे लागलेला एक साधा वाहतूक पोलीस, आणि निवृत्त अधिकाऱ्याच्या भूमिकेत अनंत नाग. संथ आहे, पण वाफाळता चहा घेऊन निवांत बघावा.

झाड लागलेल्या बायका

अनंत नागांचं नाव निघालं म्हणून मागे वळते. मुंबईच्या मराठी रंगभूमीवर घडलेला हा नट कन्नड पडद्याचा लाडका झाला, त्यामुळे त्यांच्यावर दोन्ही घरांचा हक्क. १९७९च्या 'ना निन्न बिडलारे'मध्ये, म्हणजे 'मी तुला सोडणार नाही' या सिनेमात, एका बाईचं भूत त्यांना धरतं. पुढे तो हिंदीत 'मंगळसूत्र' (१९८१) म्हणून आला, त्यातही अनंत नागच होते, जोडीला रेखा. आमच्या वरच्या पिढीतल्या बायका अजून या सिनेमाच्या आठवणीनं घाबरतात. पण त्यात झपाटला गेला तो पुरुष! भुताच्या सिनेमांत हे तसं दुर्मिळच. एरवी झाड लागतं ते बाईलाच.

पडद्यावर काय आणि घरात काय. आमच्या नात्यात एक काकू होत्या. तान्हं मूल गेलं आणि वर्षभरात त्यांच्या 'अंगात' यायला लागलं. केस मोकळे सोडायच्या, वेगळ्याच आवाजात ओरडायच्या, सासऱ्यांना एकेरीत बोलायच्या. घरच्यांनी मांत्रिक आणला. धुरी झाली, मिरच्या झाल्या, वेताची काठी झाली. आम्ही मुलं दाराच्या फटीतून बघायचो. एवढ्या गर्दीत 'तुझं बाळ गेलं, तुला कसं वाटतंय गं?' असं त्यांना कुणी विचारलेलं मला आठवत नाही. त्या सासऱ्यांना जे बोलायच्या ते शुद्धीवर असताना बोलायची सोयच नव्हती, हे मला फार उशिरा समजलं.

समजलं तेही एका सिनेमामुळे. २००४चा 'आप्तमित्र'. मूळ फाझिलचा मल्याळम 'मणिचित्रताळु' (१९९३), त्यावरून पी. वासूनं विष्णुवर्धनला घेऊन कन्नड केला. नंतर 'चंद्रमुखी' (२००५) आणि हिंदी 'भूल भुलैया' (२००७) याच कथेवर आले. सौंदर्यानं त्यात रंगवलेली नागवल्ली विसरणं शक्य नाही. सिनेमा लागला तेव्हा ती या जगात नव्हती. एप्रिल २००४मध्ये विमान अपघातात ती गेली आणि सिनेमा ऑगस्टमध्ये आला. ती पडद्यावर डोळे वटारून नाचत होती आणि थिएटरात बायका पदरानं डोळे पुसत होत्या. या कथेत भूत नाही. एक आजारी मन आहे, आणि त्या मनाचं ऐकून घेणारा डॉक्टर आहे. घरी येताना माझी चुलतबहीण एवढंच म्हणाली, 'काकूंचं पण असंच होतं की गं.' रिक्षात पुढे कुणी बोललं नाही.

म्हणून २०२५चा 'सु फ्रॉम सो' मला इतका आवडला. सोमेश्वरची सुलोचना, म्हणून 'सु फ्रॉम सो'. जे. पी. तुमिनाड दिग्दर्शक, राज बी. शेट्टी निर्माता, आणि मोठ्या नटाशिवाय हा सिनेमा चालला. किनारपट्टीवरच्या खेड्यातला एक तरुण भलत्या ठिकाणी सापडतो आणि अब्रू वाचवायला अंगात आल्याचं सोंग करतो. अख्खं गाव ठरवून टाकतं की याला सुलोचनानं धरलंय! हसून हसून पोट दुखतं. मग त्या मेलेल्या बाईची जिवंत मुलगी गोष्टीत येते, आणि हसणाऱ्या गावाला तिच्याकडे बघावं लागतं. भुताला घाबरणाऱ्या गावानं जिवंत बाईचे हाल आधी का पाहिले नाहीत, हा प्रश्न सिनेमा भाषण न देता विचारतो.

'कांतारा'तही (२०२२) भूत आहे, पण ते तुळुनाडातलं, न्याय मागणारं. शेवटी ऋषभ शेट्टीची आरोळी घुमते तेव्हा जो काटा येतो, तो 'आता हिशेब होणार' याचा असतो. २०२५चा 'कांतारा : चॅप्टर १' भव्य आहे, डोळे दिपतात, पण पहिल्यातली ती एक आरोळी मला जास्त मोलाची.

बघणाऱ्यांसाठी दोन शब्द

माझं म्हणणं थोडक्यात असं. कान फुटेस्तोवर वाजवून खुर्चीतून उडवणं ही भीती नव्हे, ते दचकणं. दचकणं पाच सेकंदांत विसरतं. जी भीती आपल्या मातीतून येते, वाटणीची, उसाच्या रानाची, रस्त्यात सरकवलेल्या दगडाची, ती घरापर्यंत सोबत येते आणि विचार करायला लावते.

घरात लहान मुलं असतील तर थोडं बघून लावा. २०२४पासून सेन्सॉरच्या प्रमाणपत्रावर 'यूए'पुढे ७, १३ किंवा १६ वर्षं असा आकडा असतो, तो वाचत जा. 'मुंज्या' आणि 'सु फ्रॉम सो' मोठ्यांनी सोबत बसून चालतील, 'तुंबाड' आणि 'लपाछपी' मुलं झोपल्यावर. सासूबाई मराठी आणि सूनबाई कन्नड असतील तर उत्तमच. अर्धे संवाद एकीनं सांगावेत, अर्धे दुसरीनं. भीती वाटली की भाषा विसरून दोघी एकमेकींचा हात धरतात, हे मी पाहिलंय.

आणि एक गोष्ट मात्र हसण्यावारी नेऊ नका. पडद्यावर हवी तेवढी भुतं असू द्या, घरातल्या बाईला 'झाड लागलंय' म्हणून मारझोड करणं हा गुन्हा आहे. महाराष्ट्रात २०१३चा कायदा आहे, कर्नाटकात २०१७चा. धारवाडला मनाच्या आजारांसाठी डिम्हान्ससारखी सरकारी संस्था आहे, आणि बेळगावहून ते काही लांब नाही. घरातलं कुणी अचानक गप्प झालं, बडबडू लागलं, रात्र रात्र जागू लागलं, तर आधी शेजारी बसा, विचारा, ऐका, आणि डॉक्टरांकडे न्या.

तरीही कुणी शहाणा धुरी आणि वेताची काठी घेऊन उंबऱ्यात उभा राहिलाच, तर त्याच्यासाठी दारावर दोन शब्द लिहून ठेवा. मराठीत लिहा, कन्नडमध्ये लिहा, त्याला कळेल अशा अक्षरात लिहा. फक्त 'नाळे बा' लिहू नका, नाहीतर तो खरंच उद्या येईल. सरळ लिहा, 'बरबेडा'. येऊच नकोस!